ठिपका आणि हिरवं पाकीट

"हॅलो?… हॅलो, पेईयुन?… येतोय ना माझा आवाज?… मला तर तू शेजारी बसल्यासारखी ऐकू येतेस. लाव मग घड्याळ. लावलंस?… तीस म्हणजे तीस. एकतिसाव्या मिनिटाला काही झालं तर मी ऐकून घेणार नाही."

श्यूलिएनबाईंनी स्कूटर स्टँडवर चढवली, हेल्मेट आरशाला अडकवलं आणि भूमीदेवाच्या देवळीपुढच्या सिमेंटच्या बाकावर त्या टेकल्या. चियायी शहर खाली धुरकट दिसत होतं. त्या शहरात त्यांनी एकतीस वर्षं नाश्त्याचं दुकान चालवलं होतं. पहाटे साडेतीनला उठायचं, अंड्याची धिरडी उलथायची, आणि दुचाकीवरून अख्ख्या बेटाची प्रदक्षिणा करायला निघालेल्यांना सोयाबीनचं गरम दूध पाजून पुढे धाडायचं. अशी हजारो माणसं त्यांनी पूर्व किनाऱ्याला धाडली. स्वतः मात्र तिकडचा समुद्र त्यांनी फक्त दुकानातल्या कॅलेंडरवर पाहिला होता.

आता दुकान बंद झालं होतं आणि उद्या सकाळी निघायचं होतं. आडवी आली होती पोटची पोर, पेईयुन. आईचा ठिपका आपल्या पडद्यावरच्या नकाशात दिवसभर हलता दिसला पाहिजे, अशी तिची अट. आज डोंगरात अर्धा तास इंटरनेटवरून फोन तुटला नाही, तर आईने खुशाल जावं. तुटला, तर बाबांबरोबर ज्येष्ठ मंडळींच्या सहलीच्या बसने जावं.

"…बसचं नाव काढू नकोस. त्या बसमध्ये माईक असतो… हो, असतो. आणि तुझे बाबा तो सोडत नाहीत… अगं मी ऐकलंय त्यांचं गाणं. लग्नाआधी ऐकलं असतं तर आज तू फोनवर नसतीस."

"…कुठली म्हणजे? तिसरी… पहिली गेली ना. तू पाठवलेली, ती इंटरनेटची चपटी पांढरी डबी… सीटखालच्या खणात ठेवली होती. तूच म्हणालीस, सुरक्षित जागी ठेव… हो, इंजिन त्याच्याच खाली असतं, ते मला शिकवू नकोस. दुकानात असताना गोठवलेले मोमो मी त्याच खणातून आणायचे, घरी पोचेपर्यंत निम्मे शिजलेले असायचे. तशीच ती डबी शिजली… नाही, वास नाही आला. नुसती फुगली."

पलीकडून बराच वेळ बोलणं झालं. श्यूलिएनबाईंनी तेवढ्यात बुटातला खडा काढला.

"हो… हो… अगं ऐक ना. दुसरी ती काडी होती, स्कूटरच्या चार्जिंगच्या भोकात खुपसायची. चांगली होती ती, मी नावं नाही ठेवत. इंजिन चालू असेपर्यंत फार चांगली होती. मी जेवायला उतरले की इंटरनेट बंद… मग? जेवताना इंजिन चालू ठेवू? लोक काय म्हणतील, बाई चोरी करून पळायच्या बेतात आहे… आणि तू लगेच पोलिसांना फोन केलास. बिचारा तो हवालदार, मला शोधत कालवांच्या ऑम्लेटच्या गाडीवर आला… रागावला कशाला? बसला की. दोन खाल्ली त्याने."

"…फोनवरूनच?… नको. नकाशा त्याने दाखवायचा, ठिपका त्याने पाठवायचा, तुझी बोलणी त्याने ऐकायची आणि वर इंटरनेटही त्यानेच ओढायचं? दुकानात माझं तेच व्हायचं. तुझे बाबा गल्ल्यावर बसून पेपर वाचायचे… दुपारपर्यंत मान टाकतो फोन."

"ही तिसरी जाड आहे. बॅटरी मोठी, वर रबराचं कवच… पडली तरी चालते. दुकानदाराने माझ्यासमोर पाडून दाखवली… दुसऱ्यांदा मी पाडली… गळ्यात आहे. माझू देवीच्या अंगाऱ्याची लाल पिशवी नाही का, तिच्यात… अंगारा पण आहे. काढायचा कशाला? दोघं मिळून बघतील."

यानंतर पेईयुनने जे विचारलं, ते श्यूलिएनबाईंना अपेक्षितच होतं.

"पाकीट?… हो, बांधलंय. डबीच्या पिशवीलाच, रबरबँडने… हिरवंच गं. मला रंग कळतात."

पेईयुन शिनचूतल्या एका मोठ्या कारखान्यात संगणकांच्या खोलीची प्रमुख होती. दोन पदव्या, हाताखाली अकरा माणसं. त्या खोलीतल्या यंत्रांच्या प्रत्येक कपाटावर मक्याच्या नारळी कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवलेलं असे, कारण हिरवं पाकीट शेजारी असलं की यंत्र शहाण्यासारखं वागतं. पिवळं चालत नाही. फुटलेलं चालत नाही. तारीख उलटलेलं तर मुळीच नाही, यंत्र बिथरतं. रोज संध्याकाळी पेईयुन कुलूप लावण्याआधी पाकिटं मोजायची. श्यूलिएनबाई अडाणी होत्या. त्यांचा विश्वास नुसता देवावर होता.

तर ते पाकीट. सपाटीवर ते मुकाट होतं. घाट चढताना हवा पातळ होत गेली तसं ते फुगत गेलं, आणि आत्ता बुटातला खडा काढायला बाई वाकल्या तेव्हा पोट आणि गुडघा यांच्यामध्ये सापडून फटदिशी फुटलं. नारळाचा वास सुटला. सकाळपासून त्यांच्या पोटात वाटीभर पेज होती. फुटलेलं पाकीट तसंच ठेवलं तर मुंग्या लागतात, हे एकतीस वर्षं दुकान चालवलेल्या बाईला कोणी सांगावं लागत नाही.

"…नाही, मी ऐकतेय. बोल ना… तारीख? पुढच्या वर्षीची आहे, वाचून घेतलंय… काय?… कसला आवाज?… कुरकुर?"

श्यूलिएनबाईंची दाढ जागच्या जागी थांबली. प्रसंग बाका होता. कुरकुर लाईनीची आहे म्हणावं तर परीक्षा नापास, उद्यापासून बस आणि माईक. खातेय म्हणावं तर काय खातेस, हा प्रश्न ठरलेला.

"…लाईन अगदी स्वच्छ आहे… मी खातेय ना… पेरू."

देवळीपाशी पेरूची टोपली घेऊन बसलेल्या म्हातारीने मान वर केली.

"हो, पेरूच. डोंगरातला आहे, कडक असतो… नारळाचा वास फोनवरून येतो का तुला? मग तुझी यंत्रं फार पुढे गेली… मी कुठे चिडतेय… कॅमेरा? आता कशाला कॅमेरा? केस बघ माझे, हेल्मेटने घरटं झालंय… बरं. बरं, लावते. थांब, सापडत नाहीये ते बटण… अगं डोळ्यांना ऊन येतंय. थांब म्हणते ना."

त्यांनी फोन मांडीवर पालथा घातला.

"मावशी, एक द्या. धुतला नाही तरी चालेल. नाही, कापू नका, वर आंबटगोड पूड नको, तसाच द्या लवकर."

म्हातारीने सबंध टोपलीतून एक पेरू निवडून दिला आणि पुढचा तमाशा नीट दिसावा म्हणून ती बाक धरून सरकली.

"…हां. दिसतेय का मी?… हा बघ पेरू… चावलेला नाही? या बाजूने नाही चावला. पहिला संपला, हा दुसरा… हनुवटीला?… पिवळं काय असणार, ऊन आहे ते… पिशवी?… आहे की गळ्यात. पाकीट तिच्या मागे आहे… मागे म्हणजे माझ्याकडच्या बाजूला… आता ते वळवून दाखवलं तर रबरबँड सुटेल, मग म्हणू नकोस. किती झाली मिनिटं?… सव्वीस. बघ, सव्वीस झाली आणि एकदा तरी शब्द गिळला का हिने?… मग पाकिटाचं काय घेऊन बसलीस? डबी चालतेय ना?"

पलीकडे आवाज चढला असावा, कारण श्यूलिएनबाईंनी फोन कानापासून हातभर लांब धरला. म्हातारीलाही सगळं ऐकू गेलं.

"…तुझ्या जिवाला घोर लागतो, कळतंय मला. नऊ दिवस, एकटी, त्रेसष्ट वर्षांची… पण माझं ऐक. तू सहावीत असताना सायकलवरून समुद्रापर्यंत गेलीस, आठवतं? तेव्हा तुझा ठिपका कुठे होता? मी दुकानात धिरडी उलथत होते. सत्तावीस जळाली त्या दिवशी… तुला नाही सांगितलं कधी. पण तुला कोंडलं का दुसऱ्या दिवशी?… नाही ना?… हं."

"…रडतेस की काय?… मग सर्दी झाली असेल… बरं, ऐक. रोज संध्याकाळी मी स्वतः फोन करीन. ठिपका थांबला तर समज आई जेवतेय. दोन तास थांबला तर समज चांगलं जेवतेय… हसलीस ना? झालं मग. किती राहिली?… दोन? आता काय, तोंड बंद करून बसलं तरी—

हॅलो?… पेईयुन?… हॅलो?"

पडदा काळा झाला होता. अठ्ठावीस मिनिटं.

श्यूलिएनबाईंना खरोखरच ती बस दिसली. पुढच्या सीटवर त्या, कडेला पतिराज, हातात माईक, आणि खिडकीतून सरकत जाणारा पूर्वेचा समुद्र, गाण्यासकट. त्यांनी गळ्यातल्या पिशवीतून डबी ओढून काढली. तिच्यावर कुरकुऱ्यांचा चुरा आणि थोडा अंगारा होता. त्यांनी तो पदराने पुसावा तसा स्वेटरच्या बाहीने पुसला.

दिवा लागलेला होता. हिरवा, स्थिर.

फोन टिंग करून वाजला. पेईयुनचा निरोप होता. आई, आमच्या अख्ख्या इमारतीचंच नेट गेलं. सगळी कपाटं बंद. बाहेर येऊन माझ्या फोनवरून लिहितेय. तुला मिळतंय का हे?

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग बोटं झटकली आणि एका बोटाने, एकेक अक्षर बघत, उत्तर लिहिलं.

मिळतंय. तुमच्या पाकिटांची तारीख बघ.

मग त्यांनी हिरवं पाकीट तोंडावर उपडं करून उरलासुरला चुरा संपवला आणि हेल्मेट डोक्यावर चढवलं.

"मावशी, आणखी चार द्या. उद्या वाटेत लागतील."