चतुरांची पोरं

"हॅलो?… हॅलो, धुळं का? डोळ्यांचा दवाखाना?… हो, मी चाळीसगावहून बोलतोय. जिनिंगच्या हापिसातून. कौतिक… जिच्या डोळ्यांची पट्टी उद्या सुटायची, ती भिकुबाई… हो, तीच. तिला जरा हाताला धरून आणता का, नर्सबाई?… थांबतो की."

कौतिकआबांनी फोनची नळी दोन्ही हातांनी धरली होती, काठोकाठ भरलेली घागर धरावी तशी. समोर लीलाधर कारकून खाली मान घालून हसत होता. हसू दे मेल्याला! धुळ्याहून पोराचा, वनाचा, निरोप आला होता: माय पट्टी सोडू देत नाही, म्हणते, पट्टीखाली अंधारच निघाला तर? त्यापेक्षा अशीच घरी न्या.

"हॅलो?… अगं, ओरडू नको, ऐकू येतंय!… हो, मीच. वनाच्या बापाचा आवाज ओळखू येईना का तुले?… तारेतून येतो म्हणून तसा लागतो… म्हैस ना? ठीक शे. पारडूही ठीक शे. बठ्ठं ठीक शे!… अगं ऐक ना, तळ्यावरची गंमत सांगतो.

"ते काळे किडे नाहीत का, आपण जाळीनं काढून बांधावर फेकतो… हो, मासळीची पिल्लं खातात म्हणून तू शिव्या घालतेस ते. काल पहाटे त्यातला एक लव्हाळ्यावर चढून बसला. हालेना की डुलेना. म्हटलं, मेला. झटकणार, तोच त्याची पाठ उकलली… देवाशपथ! आतून चतुर निघाला!… नाही, लाल नव्हता. पिवळट, ओला, पंख सगळे चुरगाळलेले.

"हो ना! खाली उडाले की पाऊस येतो म्हणून तू ज्यांना हात जोडतेस, त्यांचीच पोरं ती! बापाला नमस्कार, आणि पोरं कावळ्यांना!… हसू नको, हसू नको, डोळ्यांना ताण पडेल!… छे, आता एकही काढत नाही. खाऊ देत चार पिल्लं.

"मग काय, बसून राहिलो. उन्हं आली, पंख ताठ झाले, आणि गेला की उडून! म्हटलं, वनाच्या मायला सांगायलाच पाहिजे. त्यालाही आत अंधारच होता, तरी पाठ उकलू दिलीच ना त्यानं… अगं, तुले किडा कोण म्हणतंय!…

"काय?… नाहीच दिसलं तर?"

आबांनी नळी कानाशी आणखी घट्ट धरली. लीलाधरचं हसू कधीच मावळलं होतं. तो उठला आणि दार ओढून घेऊन बाहेर गेला.

"हॅलो… आहे, आहे मी. हे बघ, त्या निळ्या टाचण्या आठवतात ना, चतुरासारख्याच पण सुईएवढ्या बारीक, जोडीनं फिरणाऱ्या? मादी अंडी घालायला पाण्यात उतरते, तेव्हा नर तिची मान सोडत नाही. वर धरून ठेवतो. तसा मी शे ना. रोज तळ्यावर नेऊन बसवीन. कोणता चतुर कुठं बसला, कोणत्या रंगाचा, बठ्ठं सांगेन… नाही कंटाळणार. तू कंटाळशील ऐकून… अगं, रडू नको म्हटलं ना!

"मग सोडू देशील पट्टी?… हो?… एकदा नीट म्हण… शाबास माझी वाघीण!

"मी पहाटेच्या गाडीनं येतो. पट्टी सुटेल तेव्हा समोरच उभा राहतो, लाल फेटा बांधून, लाल चतुरासारखा! लांबून दिसेल… माझ्याकडे कुठं आहे म्हणजे? घेतो की आज बाजारातून… नको? का गं?…

"लाल फेट्यातला म्हातारा कोण, ते तुले कळायचं नाही?…

"…बरं. पांढराच बांधतो… हो, तोच, कडेला फाटलेला… धुतला तर चालेल ना?… हॅलो? हॅलो?"

नळीत नुसती खरखर राहिली. तरी आबा तिच्यात हळूच म्हणाले, "येतो हं," आणि मग त्यांनी नळी खाली ठेवली.