ओट्यावरचा निळा ठिपका

मास्तर : ...म्हणून सांगतो ठमाबाई, या चित्रात भिंत नाही, छप्पर नाही, आहे तो फक्त प्रकाश! इम्प्रेशनिस्ट चित्रकाराला जगातलं प्रत्येक घर उजेडाचंच दिसतं.

ठमाबाई : आमचं कौलाचं होतं. पावसात गलायचं. भाकऱ्या कुटं ठेवू?

मास्तर : तिथं, टर्पेंटाइनपासून लांब. थांबा. तुमचं?

ठमाबाई : मंग कोनाचं? विमानतलात गेलं ते. ही न्हानी, ही चिंच. आन् ओट्यावर आमचा म्हातारा.

मास्तर : तो निळा ठिपका? चुकून पडलाय. त्याला चिकटलेलं लाल टिंबही. उद्याच्या प्रदर्शनाआधी बुजवतो.

ठमाबाई : नको! तो हितं बसलाय म्हनून तिकडं येत नाय.

मास्तर : तुमचे यजमान तर कधीच वारले ना?

ठमाबाई : म्हनूनच. करंजाड्याला ऱ्हायला गेल्यापासून पित्रांना घास ठेवते, कावला शिवत नाय. सुका बोंबील ठेवला, तरी नाय. आमच्यात घर सोडताना मेलेल्याला हाक मारून संगं न्यायचं. मशीन आली त्या दिशी मी भांडी बांधली, कोंबड्या धरल्या. याला हाक मारायची ऱ्हायली.

मास्तर : अहो, मी तिथं बसून चित्र काढलं तेव्हा घराला दारंसुद्धा उरली नव्हती. माणूस कुठून येणार?

ठमाबाई : मंग निला सदरा कुटून आला?

मास्तर : ब्रश झटकला असेल.

ठमाबाई : असेल?

मास्तर : दोनदा वर रंग चढवला. दोन्हीदा सकाळी निळं परत वर. रंग स्वस्तातला आहे.

ठमाबाई : हां.

मास्तर : आणि त्या दुपारभर विडीचा वास येत होता. आसपास चिटपाखरू नव्हतं. कुणाला बोललो नाही. लोक म्हणतील, चित्रकलेचे मास्तर रिटायर झाले आणि बिघडले.

ठमाबाई : सरका जरा. हाक मारते.

मास्तर : चित्राला?

ठमाबाई : अवो... आयकता ना? घर गेलं आपलं. आता तिसऱ्या माल्यावर ऱ्हातो. लिफ्ट हाय. चुकलं माजं. चला.

(दोघं चित्राकडे बघत राहतात.)

मास्तर : ठमाबाई... हलला का?

ठमाबाई : हातातली सपल्याबिगर उठायचा नाय. जलमाची खोड. मास्तर, तेवढी विडी पुसा.