काकांचा धुराचा टॅक्स

अरे, विमानाच्या टॅक्सवरून आठवलं, हे ऐकाच! आमचे बुऱ्हाणपूरजवळच्या जसोंडीचे काका पहिल्यांदा विमानात बसणार होते, इंदूरहून बंगळूरला, लेकीकडे. सोबत मी. काका आठ दिवस बुऱ्हाणपूरभर सांगत सुटले होते! आदल्या दिवशी लेक फोनवर म्हणाली, "बाबा, विमान किती धूर सोडतं! प्रवाशांवर पर्यावरणाचा टॅक्सच बसवला पाहिजे."

काका उसळलेच. "पैशानं धूर कमी होतो का? मी झाडंच लावतो तिकडं!"

आणि खरंच, मळ्यातून केळीचे कंद खणून त्यांनी गोणी भरली की! विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "अंकल, इसमें क्या है?"

काका छाती फुगवून म्हणाले, "टॅक्स है, बेटा! धुएँ का!"

ती बिचारी माझ्याकडे बघायला लागली. मी सगळं समजावलं. ती खळखळून हसली, गोणी काट्यावर ठेवायला लावली आणि म्हणाली, "अंकल, वजन ज्यादा है. इसका एक्स्ट्रा लगेगा."

काका गर्रकन माझ्याकडे वळले आणि अख्खी रांग ऐकेल असे ओरडले, "पाहिलंस? धुराचे पैसे कोणी मागितले नाहीत, झाडांचे मागितले!"