शेवटच्या टाकीवरून

(कच्च्या तेलाची मालगाडी उभी आहे. तीस टाक्या, एक दुसरीला जाड नळीने जोडलेली. तेल पहिलीत शिरतं आणि एकेक टाकी भरत शेवटच्या टाकीपर्यंत जातं. एका टोकाला पंपकाका. दुसऱ्या टोकाला ती, जिला ते ‘शेपटी’ म्हणतात. मध्ये वॉकीटॉकी.)

पंपकाका : मग, उघडलं का कुलूप?

शेपटी : कुठलं! आपल्याच घरात खिडकीतून शिरले, चोरासारखी.

पंपकाका : विसावी भरली.

शेपटी : जांभळ्या भिंती बघितल्यात कधी तुम्ही?

पंपकाका : वारा कुठला?

शेपटी : माझ्याकडून तुमच्याकडे.

पंपकाका : जेवलीस?

शेपटी : रंग घरमालकाने लावलाय. जांभळा. खोलीत शिरलं की वांग्यात शिरल्यासारखं वाटतं.

पंपकाका : बाविसावी. नळ्या बघ.

शेपटी : कोरड्या आहेत. काका, एक सांगायचं होतं.

पंपकाका : सांग की. मी कुठे पळतोय.

शेपटी : मोठ्या यार्डातून निरोप आलाय. जागा आहे म्हणतात. आज संध्याकाळपर्यंत हो की नाही कळवायचंय.

पंपकाका : तेविसावी.

शेपटी : काका? ऐकलंत ना?

पंपकाका : चोविसावी.

शेपटी : चोविसावी काय चोविसावी! काहीतरी बोला.

पंपकाका : काय ठेवलंय त्या यार्डात? नुसता गोंगाट.

शेपटी : माणसं ठेवलीत. एका शिफ्टला वीसेक जण. एकत्र जेवतात, भांडतात, एकमेकांचे डबे पळवतात.

पंपकाका : डबा पळवलेला चालेल तुला?

शेपटी : तीन वर्षांत माझ्या डब्यात काय असतं तेसुद्धा कोणी बघितलं नाही.

पंपकाका : मी जवळ असतो तर पळवला असता.

शेपटी : तुम्ही गाडीच्या पार त्या टोकाला. तेल चालू असताना कोणी जागा सोडायची नाही. तुमचं फाटक वेगळं, माझं वेगळं. समोरासमोर कधी आलोय आपण?

पंपकाका : एकदा. आगीच्या कवायतीत. तुझं अर्धं तोंड हेल्मेटात होतं.

शेपटी : आणि तुमचं सगळं मास्कमध्ये. रस्त्यात भेटलात तर आवाज काढल्याशिवाय ओळखायची नाही मी.

पंपकाका : सव्विसावी. मी म्हणतो, घाई काय आहे? ती डबी बसेपर्यंत तरी थांब.

शेपटी : शेवटच्या टाकीवरची? इथं किती तेल आलं ते तुमच्या पंपाशी दाखवणार आहे ती?

पंपकाका : तीच. ती बसली की तुझं इथलं काम संपलंच. पण अजून स्टोअरात धूळ खात पडलीय. साहेब लोकांचं काम, महिना कुठे गेला नाही.

शेपटी : महिन्याने जागा राहायची नाही.

पंपकाका : दुसरी निघेल.

शेपटी : डबीचं राहू द्या. तुम्हाला काय वाटतं ते सांगा.

पंपकाका : मला काय वाटायचंय. घरी हातातून भांडं पडलं तरी बरं वाटतं. कोणीतरी बोलल्यासारखं.

शेपटी : मुलाचा फोन?

पंपकाका : येतो. ‘बरं आहे ना?’ म्हणतो. मी ‘बरं आहे’ म्हणतो. झालं. अठ्ठाविसावी.

शेपटी : नाही म्हणून कळवते मी.

पंपकाका : माझ्यासाठी?

शेपटी : नाहीतर काय, पंपासाठी?

पंपकाका : एकोणतिसावी भरली. आता तुझी.

शेपटी : आली. तळाशी आवाज सुरू झाला.

पंपकाका : अर्धी झाली बघ.

शेपटी : मी अजून काही सांगितलं नाही, काका.

पंपकाका : अंदाज. एवढी वर्षं झाली, अंदाज येतो.

शेपटी : बरोबर आलाय.

पंपकाका : हं.

शेपटी : पाऊण.

पंपकाका : ऐक. जा तू.

शेपटी : काय?

पंपकाका : यार्डात. हो म्हणून टाक. तुझं वय काय, आणि दिवसभर एका म्हाताऱ्याची बडबड कानाला लावून बसायचं! जा, लोकांचे डबे पळव.

शेपटी : आणि शेवटच्या टाकीचं तुम्हाला कोण सांगणार?

पंपकाका : ठेवतील कुणालातरी. डबी येईपर्यंत.

शेपटी : भरली. बंद करा.

पंपकाका : बंद.

शेपटी : मग कळवते. हो म्हणून.

पंपकाका : कळव. उद्या येणारेस ना पण?

शेपटी : येणार की. महिनाअखेरपर्यंत आहे.

पंपकाका : मग सांगत जा बाई, नीट, मोठ्यानं. मला इथून काही कळत नाही.

शेपटी : सांगेन, काका.

पंपकाका : हं.

शेपटी : गेल्या सोमवारी माझी सुट्टी होती. मंगळवारी आले तेव्हाच डबी बसवलेली दिसली मला.