दार लावायच्या आत

हॅलो?… हॅलो, सिपोरामावशी का?… म्या रत्ना, विंझरची. तुमचा ल्योक रुबेन आमच्या मागल्या खोलीत भाड्यानं ऱ्हातो न्हवं… न्हाई, न्हाई, पिलाबिला न्हाई! दारूला शिवत न्हाई आता. अवो, आदी ऐका तरी!

उपासाचं इचारायचंय… व्हय, त्योच, तुमच्या यहुदी लोकांचा माफी मागायचा, दारफाळणीचा. म्हनला, दिस बुडला की दार लावनार, उद्या सांजपातुर पान्याचा थेंब न्हाई. अन् म्या बया साबुदाना भिजत घातला हुता!… हसा, हसा. आमची हरतालिका निर्जळी असती, पर गडीमानसं असला कडक उपास धरत्यात, ही नवलाईच की!

पर मावशी, त्याच्या गोळ्या… तुमाला ठावंच न्हाई?… दारू सुटल्यावर डॉक्टरनी दिल्यात, मन थाऱ्यावर ऱ्हावं म्हनून. त्यांच्यावर पानी लई लागतं. कोरडं ऱ्हायलं तर गोळीच अंगात भिनती, जिवावर बेततं… सांगितलं की! ऐकतोय कुठं? "एवढा उपास नीट करू दे, वैनी," म्हनतो.

काय?… आजाऱ्याला पानी चालतं? पिनं हाच धरम? कोन, तुमचे परार्थना सांगनारे हजान म्हनत्यात?… अगं बया! मंग सांगा की त्याला… का न्हाई?… तुमच्याशी कवापासनं बोलला न्हाई?… वडलांच्या मातीला पिऊन आला? अरं देवा…

मावशी, येक इचारू? उपासानं देव समदं माफ करतो व्हय?… देवाशी चुकलं तेवढंच? अन् मानसाशी चुकलं तर?… मानसानंच माफ करायचं? ते बी सनाच्या आदी?… मंग त्यो उद्या कुनाम्होरं उपाशी बसनार, सांगा बरं? देवाम्होरं न्हवं. तुमच्याम्होरं.

हॅलो?… हैसा न्हवं?… रडू नका. दिस डोंगराला टेकलाय. सन लागला की मंग तुमी बी फोन उचलनार न्हाई… थांबा, देते. रुबेन! ए रुबेन, भाईर ये! आईचा फोन… कुनाची म्हंजी? तुजी! घे…

मावशी, म्या रत्ना. माफ केलं, पानी पी म्हनलात?… अन् त्यो?… नुसतं "व्हय आई"?… हितं ना? उंबऱ्यात बसलाय. तांब्या घेतलाय… ठेवू नका, ठेवू नका… प्याला, मावशी. रडत रडत प्याला. गोळी बी घेतली, म्या बगितली.

आता ठेवा तुमी, दिस बुडला… काय?… परत देऊ?… अवो, पर तुमचा सन लागला न्हवं?… असू दे म्हनता?… बरं, बरं. घे रे रुबेन, आईला अजून बोलायचंय.