तेवढा एकच फोन तपासला नाही

मंडळी, ऐका! आजचा प्रश्न साधा आहे, पण घरी गेल्यावर तुमची झोप उडवेल. एखाद्याला मान देणं म्हणजे काय हो? वाकून नमस्कार करणं? बसायला खुर्ची देणं? का मग त्याला काहीच न विचारणं?

बघा हं! वयस्कर, भारदस्त माणूस समोर आला की आपण विचारतो का — कुठून आलात, बरोबर कोण आहे, निघालात कुठं? नाही विचारत! आगाऊपणा वाटतो. भीड पडते. आता ही भीड चांगली की वाईट?

कुणाचा फोन वाजतोय? वाजू द्या, वाजू द्या! आज आख्यानच फोनचं आहे, त्याला राहवलं नसेल! हां, हसून घ्या. आत्ता हसून घ्या, कारण पुढं मला हसवता येणार नाही.

तर फलटणला एसटी स्टँडसमोर एक मोबाईलचं दुकान. मालक चंद्रहास तोडकर. जुने फोन घ्यायचे, नीट करायचे, विकायचे, हा धंदा. माणूस सरळ! गुरुवारचा उपास, तोंडात शिवी नाही, आणि एक नेम कडक पाळायचा. कसला नेम? सांगतो. प्रत्येक फोनला त्याचा स्वतःचा एक नंबर असतो, बरं का! आपण फिरवतो तो नव्हे, तो सिमकार्डाचा. हा फोनच्या अंगावरचा. सिम बदललं तरी हा तोच राहतो. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबा, लगेच पडद्यावर येतो! तो नंबर सरकारी नोंदीत घालून बघितला की कळतं, फोन सरळ आहे का त्याच्यावर कुणाची तक्रार आहे.

चंद्रहास हा नंबर बघितल्याशिवाय फोन घ्यायचा नाही. कॉलेजची पोरं म्हणायची, "काका, आमच्यावर विश्वास नाही का?" "आहे की रे राजा! नंबर दाखव!" अहो, सख्ख्या मेहुण्याचा फोन तपासला! बायको आठवडाभर बोलली नाही. (असं सुख सगळ्यांच्या नशिबात नसतं. असो!)

पौषातली सकाळ. कडाक्याची थंडी. दुकान नुकतंच उघडलंय, आणि पायरी चढून एक आजोबा आले. पांढराशुभ्र सदरा, बाह्यांवर इस्त्रीची घडी अजून दिसतेय. डोक्याला टोपी, हातात छत्री. छत्री! पौषात! मंडळी, इथंच कुणीतरी थबकायला हवं होतं. पण चंद्रहासनं काय बघितलं? सदरा बघितला. टोपी बघितली. चटकन उठला, स्वतःची खुर्ची पुढं केली.

"बसा काका. चहा सांगू?"

"नको बाळ. हा फोन तेवढा घे. मला कोळवडीच्या गाडीला तिकिटापुरते पैसे दे."

चंद्रहासनं फोन हातात घेतला. चांगला फोन! बॅटरी उतरून बंद पडलेला, एवढंच. "तिकिटापुरते कसे काका? याचे बरेच होतील. मी योग्य तेच देणार."

"दे मग तुला वाटेल ते. पण लवकर कर. आई वाट बघत असेल. उन्हं उतरायच्या आत ये म्हणालीय."

ऐकलंत? आजोबा पंचाहत्तरीच्या पुढचे, आणि आई वाट बघतेय! आणि आमचा चंद्रहास काय म्हणाला? हात जोडून म्हणाला, "भाग्यवान आहात काका! या वयात आई आहे घरी!"

आजोबा हसले. "आहे ना. भाकरी घेऊन बसते माझ्यासाठी."

आता नेमाप्रमाणे काय करायचं? फोन चार्जिंगला लावायचा, नंबर काढायचा, तपासायचा. किती वेळ लागतो? चहा निवायच्या आत होतं! हात निघालासुद्धा चार्जरकडं. पण मनात आलं, अशा देवमाणसासमोर बसून त्याचा फोन चोरीचा आहे का बघायचं? काय वाटेल त्यांना? शोभतं का हे? हात मागं आला. सिमकार्ड काढलं, कागदात गुंडाळून आजोबांच्या खिशात ठेवलं. पैसे मोजून हातात दिले. वर स्वतः स्टँडवर गेला. कोळवडीची गाडी शोधली, खिडकीची जागा धरून दिली, कंडक्टरला सांगितलं, "काकांना नीट उतरवा हो." गाडी हलली तसा लांबूनच पाया पडला!

आता सांगा, काय चुकलं चंद्रहासचं? काहीच नाही! पैसे खाल्ले नाहीत, अपमान केला नाही, उलट सेवा केली. मग मी हे आख्यान का लावलंय?

फोन गेला ड्रॉवरमध्ये. पुढं संक्रांत आली, गिऱ्हाइकांची रीघ. बरेच दिवस तो फोन तिथंच पडून राहिला. मग एका मुलीला नर्सिंगला जायचं होतं, तिला जुना फोन हवा होता. चंद्रहासनं हा बाहेर काढला. विकताना मात्र नेम मोडला नाही हो! दुसऱ्याच्या पोरीच्या गळ्यात भलतं काही नको म्हणून चार्जिंगला लावला, नंबर काढला, नोंदीत घातला.

तक्रार! फोनवर तक्रार! आणि कधीची? आजोबा दुकानात आले त्याच्या आदल्या संध्याकाळची!

चंद्रहासच्या कानशिलात रक्त चढलं. "म्हातारा चोर निघाला! आणि मी त्याच्या पाया पडलो!" मंडळी, माणसाचं मन बघा. तेव्हा देवमाणूस होता, आज चोर झाला! आणि दोन्ही वेळा त्या माणसाला कुणी काही विचारलेलं नाही.

तो फोन घेऊन तडक पोलीस ठाण्यात गेला. साहेबांनी तक्रार काढली. वाचता वाचता ते खुर्चीत सरळ झाले. म्हणाले, "तोडकर, फोन चोरीचा नाही. फोन त्यांचाच आहे. माणूस हरवलाय."

वाईचे मुकुंदराव पिसाळ. पोस्टात नोकरी केलेले. गावातलं एकेक दार ज्यांना पाठ, त्यांना म्हातारपणी आपलंच दार आठवेनासं झालं होतं. आई जाऊन चाळीस वर्षं झाली होती. एका दुपारी लेकीचा डोळा चुकवून घराबाहेर पडले. लेक हेमलता, तिनं संध्याकाळपर्यंत वाई पालथी घातली. फोन लावला तर बंद. म्हणून फोनच्या खोक्यावरचा तो नंबर तिनं तक्रारीत लिहून दिला. का? तर कुठंतरी, कुणीतरी तो तपासेल, आणि तिच्या वडिलांपर्यंत वाट निघेल! तिची सगळी आशा त्या एका नंबरावर होती हो.

साहेबांनी तिला फोन लावून चंद्रहासच्या हातात दिला. पलीकडून ती एका दमात विचारायला लागली, "दादा, तुम्ही बघितलंत अप्पांना? स्वेटर होता का अंगात? जेवले होते का हो?"

चंद्रहासला आठवेना. सदरा आठवला, टोपी आठवली. स्वेटर? जेवण? विचारलंच नव्हतं!

"कुठं गेले, दादा?"

"कोळवडीला. मी... मीच बसवलं गाडीत."

 कोळवडी! अप्पांचं जन्मगाव. लहानपणीच सोडलेलं. घर पडलं, त्या जागी पाण्याची टाकी झाली. तिकडं कुणी नातलग उरला नव्हता, म्हणून तिकडं कुणी शोधलंच नव्हतं.

सगळे धावले कोळवडीला. गावकरी म्हणाले, "आले होते की आजोबा. आईचं, चंद्राबाईचं घर कुठाय, विचारत होते. आम्ही म्हटलं, असली कुणी बाई इथं नाही. मग देवळाच्या ओट्यावर बसून राहिले. आम्ही भाकरी द्यायचो, घोंगडं दिलं. पाया पडायचो हो! कुणी साधुपुरुष असेल म्हणून जास्त विचारलं नाही..."

"मग आता कुठं आहेत?"

 एक म्हातारी पुढं आली. "परवा पहाटं गेले, बाई. थंडीनं. नाव ठाऊक नव्हतं. गावानंच अग्नी दिला." आणि पदराच्या गाठीतून तिनं एक कागदाची पुडी काढली. "सदऱ्यात हे होतं." आत सिमकार्ड! चंद्रहासनंच गुंडाळून दिलेलं!

परवा, मंडळी! इतके दिवस तो माणूस जिवंत बसला होता. आणि त्याची वाट सांगणारा फोन ड्रॉवरमध्ये पडून होता.

चंद्रहास त्या ओट्यावरच कोसळला. "ताई, मला मारा! मी नंबर बघितला असता तर... मान द्यायला गेलो हो मी!"

हेमलतानं मारलं नाही. शिवी दिली नाही. पुडी मुठीत धरून ती एवढंच म्हणाली, "दादा, मान सगळ्यांनीच दिला. माझ्या अप्पांना मान नको होता. कुणीतरी विचारायला हवं होतं."

  पेटीवाले, जरा थांबा.

चंद्रहासच्या दुकानात आजही जा. तुम्ही सावकार असा, पुजारी असा, नाहीतर माझ्यासारखा माळकरी बुवा असा, खुर्ची मिळेल, चहा मिळेल, आणि फोनचा नंबर तपासला जाईल! रागावू नका. जुना फोन घेताना तुम्हीही तपासा, विकताना तपासू द्या. तो चोराचा असेल तर चोर सापडेल. आणि कुणा हरवलेल्याचा असेल तर त्याच्या घरच्यांना तो सापडेल.

हं. आता आरती. नाही, थांबा! तो पायरीजवळचा खांब बघा. तिथं एक आजोबा बसलेत, मघापासून. आत येताना तुम्ही सगळ्यांनी त्यांना नमस्कार केलात, मी बघत होतो. छान केलंत! त्यांचं नाव काय? कुणाकडचे आहेत? घरी न्यायला कोण येणार आहे?

बघा, कुणालाच माहीत नाही. तबकं खाली ठेवा. जा कुणीतरी, जवळ बसा त्यांच्या, आणि विचारा. तोवर आरती थांबेल. देवालाही तेच हवं असेल.