बाच्या हातावरचं बीएबीएड

आमची वाडी पनवेलच्या उगवतीला, डोंगराच्या पार पायथ्याला. तुमी आता ज्या रस्त्यानं आलात तो तवा नव्हता, पायवाट व्हती, हायवेपर्यंत उतरायला तासभर, मग एस्टी थांबली तर थांबली. आमी ठाकर आदिवासी. माजं नाव तुळशी, बाचं नाव धर्मा शिद, तो बघा पडवीत बसलाय, त्याला आता कमी ऐकू येतं. मी आश्रमशाळेत शिकवते, तिथं शुद्ध बोलते, घरी आली की असंच. तुमी लिवताना सुधारू नका ताई, मग वाचताना मलाच वाटंल दुसरीच कोणी बाई बोलतेय.

आमची दळी हाय डोंगरावर. दळी म्हणजे जंगलखात्याच्या जमिनीवरचा उताराचा तुकडा, माज्या आज्याच्या आज्यापासून आमी तिथं नाचणी-वरई करतो, पण कागद नाय. जंगलखातं म्हणतं उठा, वाडी म्हणते आमी इथलेच, आणि त्याची केस पनवेलच्या कोर्टात. मी सातवी-आठवीत असल, बा मला एकदा बरोबर घेऊन गेला, मला वाचता येतं म्हणून. वकील आणि जज काय तरी बोलले, दोन मिंटं बी नाय, आणि आमी बाहेर. बानं इचारलं, काय झालं वकीलसाहेब, वकील बोलला, तारीख झाली. बा माज्याकडं बघायला लागला, तुला काय समजलं ग. मला काय समजायचं, इंग्रजीत बोललेले. वाडीच्या ओढ्यावर आल्यावर बा म्हणाला, आपल्यातलं कोणी तरी त्या काळ्या कोटात पायजे. तवापासून माज्या डोक्यात ते बसलं ते बसलंच.

पण तवा आमाला एवढंच ठाऊक, वकील व्हायला आधी बीए करावं लागतं. ते मी केलं, सरकारची शिष्यवृत्ती व्हती, वसतिगृह व्हतं, खोटं कशाला बोलू, सरकारनं केलं म्हणून झालं, नायतर आमच्यात पोरगी चौथीनंतर वीटभट्टीला जाते. बीए झाली आणि सगळे मागं लागले बीएड कर, बीएड कर, मास्तरीण झालीस की लगेच नोकरी. आय म्हणाली, वकिलीचं मग बघ. आणि मी ऐकलं. ही माजी पहिली चूक. कोणी सांगितलंच नाय ना, की बीएड केलं की पुढचं दार बंद. बीएड झाली, आणि नोकरी काय लगेच बसून व्हती व्हय माज्यासाठी, वरीसभर अर्ज टाकत बसली.

पण वाडीत तर मी राजाची राणी झालेली. आख्ख्या वाडीत पहिली. मला तुळशी कोणी म्हणायचंच नाय, बीएबीएड म्हणायचे, बीएबीएड पाण्याला चालली का, बीएबीएड शेण थाप. आणि बा. बाला सही येत नाय, त्याला अक्षर म्हणजे मुंग्या. त्या वर्षी जत्रेला जायच्या आधी मला म्हणाला, कागदावर तुजं नाव लिवून दे, पुरं नाव, शिकलीस ते सगळं. मला वाटलं कोणाला दाखवायला पायजे असंल. मीच लिवून दिलं हो माज्या हातानं, तुळशी बीए बीएड. संध्याकाळी आला तर डाव्या हातावर, कोपरापासून मनगटापर्यंत, मशीनवाल्या बाईकडनं गोंदवून. हात सुजलेला आणि तोंडभर हसू. आमच्यात गोंदण म्हणजे मेल्यावर बरोबर येतं ते, सोनं-नाणं इथंच राहतं. तेव्हापासून कुटं पण नाव लागलं, दवाखान्यात, रेशनच्या दुकानात, की बा बोलायचा नाय, हात पुढं करायचा. लोकं वाचून घ्यायची.

मग मी ठरवलं, नोकरी लागंल तवा लागंल, वकिलीला जाते. कॉलेजात नाव घातलं, बीएवर मिळालं. शिष्यवृत्तीचा फॉर्म घ्यायला पनवेलच्या ऑफिसात गेली तर तिथं सावंतबाई नावाच्या क्लार्क व्हत्या, चांगल्या बाई, त्यांनी माजे कागद बघितले आणि म्हणाल्या, अगं, तुझं बीएड झालंय? मग नाही मिळणार. सरकार एका धंद्याचं शिक्षण देतं, तू मास्तरकी शिकलीस, आता दुसरा धंदा सरकारी पैशानं नाही. मी म्हणाली बाई, ती मास्तरकी मला जेवायला घालत नाय. त्या म्हणाल्या, नियम आहे बाळा, मी काय करू. माज्या मनात आलं, डॉक्टरच्या पोराला दोन पदव्या घेऊ नको कोणी म्हणतं का, त्याला बाप हाय. आमाला बाप म्हणजे सरकार, आणि हा बाप एकदाच जेवायला वाढतो. मी तिथं बोलली नाय हे, आता बोलते.

मग सावंतबाईंनीच दार लावलं आणि हळू सांगितलं, फॉर्मवर बीएड लिहूच नको. बीए झाली, दोन वर्षं घरी होतीस, मोलमजुरी केली, असं ॲफिडेव्हिट कर. केलं. वकील व्हायला निघालेली मी, आणि पहिलंच ॲफिडेव्हिट खोटं. मला झोप नाय लागली त्या दिवसांत, पण केलं. का करू नको, सांगा.

फक्त उत्पन्नाचा दाखला राहिला. शेवटची तारीख, माजं कॉलेज, म्हणून बा तलाठ्याकडं गेला. तलाठी नवीन, त्यानं इचारलं मुलीचं नाव काय, आणि बानं सवयीनं हात टेबलावर ठेवला. तलाठ्यानं बाचं नाव-आडनाव घालून बाकी जसंच्या तसं उतरवलं, कुमारी तुळशी धर्मा शिद, बीए बीएड. शिक्का. आणि बा तिथनं तडक चालत पनवेलला, कागद उशिरा नको व्हायला म्हणून, शिपायाच्या हातात दिला आणि वडापाव पण न खाता परत आला. मला म्हणाला, काम झालं बघ.

झालं. सात महिने मी कॉलेजात गेली, वसतिगृहात तात्पुरती जागा दिलेली, शिष्यवृत्ती आली की पक्की. सात महिन्यांनी ऑफिसातल्या साहेबांनी बोलावलं. टेबलावर एका बाजूला माजं ॲफिडेव्हिट, एका बाजूला दाखला. ते ओरडले नाय. म्हणाले, वडलांनी खरं लिहिलं, तुम्ही का नाही लिहिलंत. शिष्यवृत्ती नामंजूर, म्हणून वसतिगृह गेलं, फी राहिली म्हणून परीक्षेचा फॉर्म नाय घेतला. सावंतबाई माज्याकडं बघंनात.

घरी आली आणि नको ते बोलली. बा नांगराचं काय तरी करत व्हता. मी म्हणाली, तुज्या या हातानं घात केला माजा. त्याला काय पण कळंना, मग सगळं सांगितलं, बीएड दिसलं म्हणून गेलं. तो आपल्या हाताकडं बघत राहिला. मी जेवली नाय, त्यानं पण पान वाढून घेतलं नाय.

तिसऱ्या दिवशी बा पहाटेच कुटं तरी गेला. पनवेलला. हे मला मागनं सावंतबाईंनी सांगितलं. साहेबांसमोर उभा राहिला, हाताचं फडकं सोडलं आणि बोलला, साहेब, ते बीएड मी काढलं, आता पोरीला द्या. बिब्ब्याचं तेल लावून जाळलेलं, ताई. बिब्बा ठाऊक हाय ना, नुसतं बोट लागलं तरी फोड येतो. बाभळीच्या काट्यानं एकेक अक्षरावर ते तेल भरलेलं त्यानं. साहेबांनी शिपायाला पाणी आणायला सांगितलं, बाला खुर्चीत बसवलं, आणि म्हणाले, बाबा, हातावरचं गेलं तरी माझ्या कागदावरचं जात नाही.

संध्याकाळी आला. मी हळद लावायला फडकं सोडलं. बीए बीएड तसंच व्हतं, हिरवंगार. जळालेलं ते माजं नाव व्हतं. बाला ठाऊक व्हतं की बीएड शेवटाला हाय, पण गोंदणारीनं कोपराकडनं लिवलेलं आणि बानं बोटांकडनं मोजलं. मला हसू का रडू कळंना. तो इचारायला लागला, नीट गेलं ना ग. मी म्हणाली, गेलं बा, नीट गेलं. आजपर्यंत मी त्याला खरं सांगितलं नाय. तुमी पण जाताना बोलू नका.

पुढं आश्रमशाळेत लागली मी, बीएडवरच. नाय म्हणत नाय, त्या बीएडनंच आज चूल पेटते. पण केस अजून चालू हाय, आज पण तारीख म्हणजे तारीख, वकील तोच, म्हातारा झाला. मी पोरींना सांगते, बायांनो, काय व्हायचंय ते आधी ठरवा, सरकार एकदाच इचारतं. आमच्याच वाडीतली एक पोरगी हाय, बारावीला बसलीय, तिला वकिलीला जायचंय. तिला मी बजावून ठेवलंय, बारावीवर जमलं तर बारावीवर, नायतर बीए झालीस की सरळ तिकडं, मधी कोणी बीएड म्हणालं तर माज्याकडं धाडून दे. देव करो आणि तिला तो कोट मिळो.

बा दर वर्षी जत्रेला जातो. गोंदणारी बाई आता त्याला ओळखते, म्हणते, ये आजोबा, उजवा हात रिकामा हाय, काय तरी घालून घे, देवाचं नाव घाल. बा नको म्हणतो. म्हातारा झाला, डोळे गेले, कातडी लोंबते, तरी त्या हातावर टिकली सुद्धा घालून घेतली नाय. मी एकदा बोलली, बा, आता मी नाय होत वकील, चाळिशी आली माजी. तर म्हणाला, तू तुजं बघ, माज्या हाताला काय घाई हाय.